टोळीचा शब्द: कोशातला आणि कादंबरीतला

टोळीची सांकेतिक बोली प्रथम ग्रंथबद्ध होते ती बहुधा तिच्या वैऱ्याच्या हातून. ठगांच्या ‘रामसी’ बोलीचा स्लीमनकृत कोश १८३६ साली कलकत्त्यास छापला गेला. मुंबई इलाख्यातील तथाकथित गुन्हेगार जातींवरील केनेडीचे पुस्तक १९०८ चे. स्लीमन ठगांच्या बंदोबस्तावर नेमलेला, केनेडी पोलीस अधिकारी. शब्द हवा होता तो बोलणाऱ्याला ओळखून पकडण्यासाठी. १८७१ च्या कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवल्यावर (तो रद्द झाला १९५२ मध्ये) बोली हीदेखील संशयाची खूण ठरली.

तरी या कोशांतून एक गोष्ट हाती लागते. ठग वाटसरूला ‘बनिज’, म्हणजे व्यापाराचा माल, म्हणत. शब्द बाजारातलाच; बदलला तो अर्थाचा करार. हॅलिडेने १९७६ मध्ये ‘प्रतिभाषे’ची संकल्पना मांडताना कोलकात्याच्या गुन्हेगारी बोलीचाही आधार घेतला. त्याच्या मते गुप्तता हे तिचे एकच प्रयोजन नव्हे; तिच्यातून पर्यायी समाज घडतो. अमेरिकेतील मोटारसायकलस्वार टोळ्या ‘एक टक्का’ हे चिन्ह अंगावर मिरवतात, त्यात लपवण्यासारखे काहीच नाही: कायदा पाळणाऱ्या नव्व्याण्णवांत आपण नाही, एवढेच ते सांगते.

मुंबईच्या टोळ्यांनी लाखाला ‘पेटी’, कोटीला ‘खोका’ आणि खुनाच्या ठरावाला ‘सुपारी’ म्हटले. तमाशाच्या फडालाही सुपारीच दिली जाते. टोळीने शब्द घेतला तो विश्वासाच्या व्यवहारातून. पुढे २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके’ची घोषणा घुमली, तेव्हा त्या शब्दात गुपित उरलेले नव्हते.

भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर (१९६५) वाद झाला तो अश्लीलतेचा. नाक्यावरच्या पोरांची ही बोली कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हा खरा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला. वास्तविक निवेदक पोक्या शब्दांचे अर्थ समजावीत बसत नाही. वाचकालाच नाक्यावर उभे राहून ते उमगून घ्यावे लागतात. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) याच्या उलट घडते. खिसे कापण्याला ‘खिस्तंग मतणे’ म्हणतात, हे तिथे त्या घरातलाच माणूस सांगतो. केनेडीलाही असेच शब्द हवे होते. पण इथे शब्दाशेजारी पोलिसांचा मार आणि घरची उपासमारही आहे.