सोनकाठच्या वाळूचे वय

आपल्या शाळेची साठ वर्षे हजेरीपटांवरून आणि निकालपत्रांवरून मोजता येतात. जेथे एकही अक्षर लिहिलेले नाही, तेथे काळ कसा मोजावा?

अमरकंटकच्या परिसरात उगम पावणारी सोन नदी आपणा भिलाईकरांना अपरिचित नाही. पुढे मध्य प्रदेशातील सीधी जिल्ह्यात तिच्या काठी ढाबा नावाचे स्थळ आहे. तेथील मातीच्या थराथरांत दगडी हत्यारे सापडली. कार्बन-१४ पद्धतीला सेंद्रिय अवशेष लागतात आणि सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे तिचा उपयोग होत नाही.

अशा वेळी वाळूच साक्ष देते. क्वार्ट्झ व फेल्डस्पार यांचे कण गाडले गेले, की भोवतालच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या अत्यल्प किरणोत्सर्गाची ऊर्जा त्यांच्यात साठू लागते. ऊन लागताच ती निघून जाते. म्हणून उत्खननाच्या भिंतीत नळी ठोकून, तिची तोंडे बंद करून, नमुना अंधारातच प्रयोगशाळेत नेतात. तेथे मंद तांबड्या उजेडात कण निवडतात आणि त्यांच्यावर ठरावीक प्रकाश वा अवरक्त किरण सोडतात. साठलेली ऊर्जा क्षीण प्रकाशरूपाने बाहेर पडते. त्यावरून काढलेल्या एकूण मात्रेला वर्षाच्या मात्रेने भागले की वय मिळते. ही प्रकाशीय पद्धत १९८५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी मांडली. हे वय हत्याराचे नव्हे. भोवतालच्या मातीने शेवटचे ऊन कधी पाहिले, त्याचे. इतिहास शिकविणाऱ्या मला ही काटेकोर मर्यादा फार मोलाची वाटते.

या स्थळाला महत्त्व आले ते राखेमुळे. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची राख सोनच्या खोऱ्यात आढळते. (पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरी येथेही ज्वालामुखीची राख आहे, तिच्या वयावरून तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद झाला.) त्या आपत्तीत येथील मनुष्यवस्ती जवळजवळ नष्ट झाली असावी, असे काही अभ्यासक मानीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ढाबा येथील थर सुमारे ८०,००० ते २५,००० वर्षांपूर्वीचा काळ व्यापतात, आणि उद्रेकापूर्वीची हत्यारे घडविण्याची रीत नंतरही चालू राहते. सूक्ष्मास्त्रे सुमारे ४८,००० वर्षांपूर्वी दिसू लागतात.

हे लोक आपल्याच प्रजातीचे होते, असे संशोधकांचे मत. मानवी अस्थी तेथे मिळालेल्या नाहीत. त्यामुळे तो निष्कर्ष मी संभाव्य एवढाच मानते. राख पडून गेल्यावरही त्या काठी कोणीतरी जुन्याच रीतीने दगड घडवीत होते, हे मात्र नाकारणे कठीण आहे.