दुसरी पसंती आणि आतला आवाज

गेल्या वार्षिक सभेत आपल्या मंडळाच्या अध्यक्षपदासाठी तीन भगिनी उभ्या होत्या, हे सर्वांच्या स्मरणात असेलच. मते मोजून झाल्यावर मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "तिसरीला मते देणाऱ्यांनी आपली मते फुकट घालवली." त्यावर दुसरीने जरा खोचकपणे विचारले, "आणि सूचक म्हणून जिने सही केली, तिनेच आत जाऊन दुसरीला मत दिले असेल तर?" सभेत हशा झाला, चहा आला आणि विषय तेथेच मिटला. माझ्या मनातून मात्र ते दोन्ही प्रश्न गेले नाहीत. कारण नेमके हेच दोन प्रश्न एकदा साऱ्या देशापुढे उभे राहिले होते. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा तीच हकीगत सांगावी असे मी ठरविले.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन ह्यांचे निधन झाले. अधिकारपदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि नव्या निवडणुकीची तयारी सुरू झाली. काँग्रेस पक्ष त्या वेळी बाहेरून एक दिसत असला, तरी आत दोन तट पडलेले होते. एका बाजूस पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी. दुसऱ्या बाजूस पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, स. का. पाटील, मोरारजी देसाई अशी जुनी जाणती मंडळी.

जुलै महिन्यात बंगलोरला पक्षाच्या पार्लमेंटरी बोर्डाची बैठक झाली. इंदिराजींनी जगजीवनराम ह्यांचे नाव सुचविले. बोर्डाने बहुमताने निवड केली ती लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी ह्यांची. आपल्या यशवंतराव चव्हाणांचे मतही त्या दिवशी रेड्डींच्याच पारड्यात पडले. घरच्या बैठकीत सुनेचे म्हणणे बाजूला ठेवून वडीलधाऱ्यांनी निर्णय घ्यावा, तसा तो प्रकार झाला. पण ही सून गप्प बसणारी नव्हती. काही दिवसांतच त्यांनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले. मोरारजींनी राजीनामा दिला. १९ जुलै रोजी चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही करून दुसऱ्याच दिवशी गिरी ह्यांनी पद सोडले आणि अपक्ष उमेदवार म्हणून ते मैदानात उतरले. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही, अशी स्थिती झाल्याने सरन्यायाधीश हिदायतुल्ला ह्यांना काही आठवडे हंगामी राष्ट्रपती व्हावे लागले.

मौज अशी, की रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून खुद्द इंदिराजींची सही होती!

ह्या दोघांखेरीज तिसरे महत्त्वाचे उमेदवार होते ते आपले चिंतामणराव देशमुख. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ ह्यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. रायगडाच्या परिसरातील नाते गावी जन्मलेले हे गृहस्थ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारे संस्कृतचे रसिक. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई घटना समितीच्या सदस्या होत्या. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. गावोगावच्या स्त्रीसंस्थांना सरकारी अनुदानाची वाट त्या मंडळाने मोकळी करून दिली, हे जुन्या कार्यकर्त्या भगिनींना ठाऊक आहेच.

देशमुख निवडून येणार नाहीत हे सर्वांना दिसत होते. मग त्यांना मते देणाऱ्यांनी ती फुकट घालवली काय? हे समजण्यासाठी ह्या निवडणुकीची रीत पाहिली पाहिजे. राष्ट्रपतींना आपण थेट निवडीत नाही. संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सदस्य निवडतात. प्रत्येकाच्या मताला ठरावीक मूल्य असते. १९६९ साली एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. मतदार आपल्या मतपत्रिकेवर पहिली पसंती, दुसरी पसंती असे क्रम लिहितो.

आपल्या सहलीचेच उदाहरण घेऊ. समजा शंभर भगिनी आहेत. पन्हाळ्याला ४८, गणपतीपुळ्याला ३८ आणि महाबळेश्वरला १४ जणींची पहिली पसंती आहे. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१, कोणालाच नाहीत. मग सर्वांत मागे पडलेले महाबळेश्वर वगळायचे आणि त्या १४ जणींनी दुसरे स्थळ कोणते लिहिले आहे ते पाहायचे. त्यांतल्या ११ जणींनी गणपतीपुळे लिहिले आणि तिघींनी पन्हाळा, तर गणपतीपुळ्याला ४९ होतात आणि पन्हाळ्याला ५१. सहल पन्हाळ्याला जाते, आणि ती ठरविणाऱ्या असतात महाबळेश्वर म्हणणाऱ्यांतल्या त्या तिघी.

दिल्लीत जवळजवळ असेच घडले. काँग्रेसाध्यक्ष निजलिंगप्पा ह्यांनी स्वतंत्र पक्षाच्या व जनसंघाच्या नेत्यांची भेट घेऊन, तुमची दुसरी पसंती रेड्डींना द्या, अशी विनंती केली. ही बातमी फुटताच इंदिराजींच्या बाजूच्या लोकांनी कल्लोळ केला, की विरोधकांशी संगनमत झाले. रेड्डींना मत द्या असे पक्षाच्या सदस्यांना सांगण्यास इंदिराजींनी नकार दिला. प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे आवाहन झाले. 'आतला आवाज' हा शब्द तेव्हापासून राजकारणात जो रुळला तो रुळलाच. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रमुक, अकाली दल ह्यांची मते गिरींकडे होतीच. त्यांत आता काँग्रेसमधली फुटलेली मते येऊन मिळाली.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी. पहिल्या पसंतीत गिरी ह्यांना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. म्हणजे गिरी पुढे होते, पण निवडून आलेले नव्हते; त्यांना सुमारे एकोणतीस खासदारांच्या मतांइतकी मते कमी पडत होती. १९६७ साली काँग्रेसचे उमेदवार झाकिर हुसेन ह्यांना ४,७१,२४४ मते होती. मधल्या काळात काही राज्यांत मध्यावधी निवडणुका होऊन काँग्रेसची सदस्यसंख्या घटली होती हे धरले, तरी पक्षाचे घर किती फुटले ते ह्या दोन आकड्यांवरून कळते.

मग मागे पडलेल्या उमेदवारांची एकेक करून दुसरी पसंती मोजली गेली. देशमुखांची पाळी संपली तेव्हा रेड्डींच्या खात्यात सुमारे ९२ हजारांची भर पडली होती आणि गिरींच्या खात्यात जेमतेम साडेअठरा हजारांची. पाचास एक असे हे प्रमाण. पण तो एकच पुरेसा ठरला. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. हव्या असलेल्या आकड्याच्या पुढे गिरी गेले ते १,९०८ ने, म्हणजे तीन-चार खासदारांच्या मतांएवढ्या अंतराने! २०२२ पर्यंत राष्ट्रपतिपदाच्या सोळा निवडणुका झाल्या. त्यांत दुसऱ्या पसंतीने निकाल लागला तो ह्या एकाच निवडणुकीत.

तेव्हा तिसऱ्याला दिलेले मत फुकट गेले असे कोणी म्हणू नये. जिने दुसरी पसंती विचारपूर्वक लिहिली, तिने राष्ट्रपती ठरविला. जिने ती जागा कोरी ठेवली, तिने निर्णय दुसऱ्यांच्या हाती दिला.

ह्या निकालाने काँग्रेस मात्र दुभंगली. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी इंदिराजींना पक्षातून काढून टाकण्यात आले आणि एका पक्षाचे दोन झाले. बंगलोरला रेड्डींना मत देणारे यशवंतराव इंदिराजींच्या बाजूस राहिले. निवडणुकीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले. रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक वाटले गेले होते, हा त्यांतला मोठा मुद्दा होता. राष्ट्रपतिपदावर असताना गिरी स्वतः न्यायालयात साक्ष देण्यास गेले. १९७० साली ते अर्ज फेटाळले गेले. आणि काळाचा न्याय पाहा, हेच संजीव रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. सही एकीकडे आणि मत दुसरीकडे, हे बरोबर का? मी काही राजकारणातली जाणती नव्हे. पण मला वाटते ते सांगते. मतपेटी गुप्त का असते, हे आपल्या भगिनींना समजावून सांगायला नको. घरातले सारे एका बाजूला असताना जिला आपले मत निराळे द्यायचे असते, तिला त्या आडोशाइतका दुसरा आधार नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही मतदान गुप्त असते आणि पक्षाला सदस्यांवर मतदानाचा आदेश बजावता येत नाही. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला, तरी ही मोकळीक कायम राहिली. ती राहावी, असेच मला वाटते.

परंतु आडोसा हा दुबळ्यासाठी असतो. पुढाऱ्याने त्याच्याआड उभे राहू नये. ह्या बाबतीत मला त्या निवडणुकीत हरलेल्या चिंतामणरावांचीच आठवण येते. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्याही आत आवाज उठला होता. त्यांनी तो उघड बोलून दाखविला आणि देशाच्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. रेड्डी नकोत असे इंदिराजींचे मत असणे गैर नव्हते. बंगलोरच्या बैठकीत त्या ते बोललेही होत्या. सल राहतो तो अर्जावरच्या सहीचा. सही केली नसती, तर त्यांच्या आतल्या आवाजाचे वजन अधिक वाटले असते.

म्हणून पुढच्या वार्षिक सभेसाठी माझ्या दोन नम्र सूचना आहेत. एक, आपल्या चिठ्ठीवर पहिल्या पसंतीखाली दुसऱ्या पसंतीचीही ओळ असावी, म्हणजे तिसरीला मत देणाऱ्या भगिनीला कोणी नावे ठेवणार नाही. दुसरी, मन नसेल तर भिडेखातर कोणाच्या अर्जावर सही करू नये. आत जाऊन कोणाला मत दिले, ते ज्या त्या भगिनीजवळच राहो.