पेलेला युरोपचं प्रमाणपत्र कशाला?

पेलेच्या मोठेपणावरचा सर्वांत चिवट आक्षेप त्याच्या क्लब-कारकिर्दीविषयी आहे. १९५६ ते १९७४ तो सांतोसकडून खेळला, १९७५ ते १९७७ न्यूयॉर्क कॉसमॉसकडून, आणि संपलं. युरोपातल्या एकाही क्लबचा शर्ट त्याने अंगावर घातला नाही. तीन विश्वचषकांबद्दल वाद नाही. पण क्लब पातळीवर त्याचे गोल साओ पावलो राज्याच्या स्पर्धेतल्या किरकोळ संघांवर आणि दौऱ्यांवरच्या मैत्रीपूर्ण सामन्यांत झाले, खरी कसोटी युरोपात होती आणि ती त्याने दिलीच नाही, असा हा पूर्वपक्ष. मेस्सी आणि रोनाल्डोचा जमाना आल्यापासून त्याला जोर चढला आहे. कोल्हापुरात वर्ल्डकपच्या महिन्यात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक समोरासमोर लागतात, तेव्हा अर्जेंटिनावाल्यांच्या भात्यातून हाच बाण आधी निघत असेल तर नवल नाही.

या पूर्वपक्षातलं खरं ते आधी मान्य करायला हवं. सांतोसला राज्य स्पर्धेत दुबळे संघ भेटत. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी रिबेराव प्रेतोच्या बोताफोगो क्लबवर सांतोसने ११-० असा विजय मिळवला, त्यातले आठ गोल एकट्या पेलेचे. १९५८च्या राज्य स्पर्धेतले त्याचे ५८ गोलही सगळेच कसलेल्या बचावांना भेदून आलेले नव्हते. आणि १,२८३ गोल हा जो आकडा पेलेचे भक्त तोंडावर फेकतात, तो त्यांनी गुंडाळून ठेवलेला बरा. त्यात मैत्रीपूर्ण सामने आहेत, लष्करी सेवेच्या काळात लष्करी संघाकडून मारलेले गोलसुद्धा आहेत. असल्या आकड्याने बाजू मांडली की समोरच्याला आयतं हत्यार मिळतं.

पण म्हणून फक्त अधिकृत सामने मोजा, हा उपायही दिसतो तितका निर्मळ नाही. सांतोसकडून पेलेचे अधिकृत गोल ६४३. डिसेंबर २०२० मध्ये मेस्सीने एका क्लबसाठीचा हा विक्रम मोडला, तेव्हा सांतोसने आपल्या हिशेबात १,०९१ गोल असल्याचं जाहीर केलं आणि जगभर हसू झालं. मात्र गाळणीतून काय गळतं आणि काय उरतं ते कोणी पाहिलं नाही. १९५९ च्या युरोप दौऱ्यात सांतोसने इंटर मिलानला ७-१ आणि बार्सिलोनाला त्यांच्याच मैदानावर ५-१ हरवलं. या सामन्यांतले पेलेचे गोल ‘मैत्रीपूर्ण’ म्हणून बाद. रिबेराव प्रेतोविरुद्धचे आठ मात्र ‘अधिकृत’ म्हणून पक्के! युरोपातल्या बलाढ्य संघांवरचे गोल वगळायचे आणि मग त्याने युरोपात काय केलं असं विचारायचं, हा न्याय अजब आहे.

कोणी म्हणेल, मैत्रीपूर्ण सामन्यात कोण जीव तोडून खेळतं? आजच्या उन्हाळी दौऱ्यांना हे लागू आहे. १९५० च्या दशकात चित्र वेगळं होतं. खुद्द युरोपियन कप जन्माला आला तो एका मैत्रीपूर्ण सामन्याच्या वादातून. डिसेंबर १९५४ मध्ये इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सने पुश्काशच्या होनवेदला ३-२ हरवलं, इंग्लिश वृत्तपत्रांनी वुल्व्ह्जना जगज्जेते ठरवून टाकलं, आणि फ्रान्सच्या ‘लेकिप’चे गाब्रिएल आनो यांनी हा दावा तपासायला स्पर्धाच हवी म्हणून लेखणी उचलली. क्लब-फुटबॉलची पत ज्या काळात अशा सामन्यांवर ठरत होती, त्या काळातले निकाल आजच्या मापाने सहल म्हणून सोडून देता येत नाहीत. सांतोस तिथे हरलाही. त्याच १९५९ च्या दौऱ्यात दी स्टेफानोच्या रेआल माद्रिदने त्यांना ५-३ हरवलं. जिंकलेले सामने मोजायचे तर हाही मोजावा लागेल, आणि तो मोजला तरी पेलेची कसोटी झालीच नाही असं म्हणता येत नाही.

बरं, मैत्रीपूर्ण सामने सोडा. युरोपचा विजेता आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता यांच्यातल्या इंटरकॉन्टिनेंटल कपकडे या. १९६२ मध्ये समोर होता बेनफिका: लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकलेला, त्याच वर्षी अॅमस्टरडॅमच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला ५-३ हरवलेला, युसेबियो आणि कोलुनाचा संघ. माराकानावर सांतोस ३-२ ने जिंकला, दोन गोल पेलेचे. मग ११ ऑक्टोबरला लिस्बनमध्ये दुसरा सामना. एका गोलाची पिछाडी घरच्या मैदानावर सहज भरून निघेल, अशी बेनफिकाची अटकळ असणार. पेलेने पंधराव्या मिनिटाला पहिला गोल केला, पंचविसाव्याला दुसरा, उत्तरार्धात तिसरा. कौतिन्यो आणि पेपे यांनी एकेक. पाच शून्य. बेनफिकाने शेवटच्या पाच-सहा मिनिटांत दोन फेडले म्हणून फलकावर ५-२ दिसतो. युरोपच्या विजेत्याविरुद्ध, युरोपच्या भूमीवर, चषक पणाला लागलेला असताना हॅटट्रिक: याहून अधिक कसोटी कोणती हवी, हे आक्षेपकांनी सांगायचं आहे.

पुढच्या वर्षी मिलान. इथे एक उपकथा येते, कारण आक्षेपकांना ती फार प्रिय आहे. मे १९६३ मध्ये सान सिरोवर इटलीने ब्राझीलला ३-० हरवलं आणि जोव्हानी त्रापातोनीने पेलेला खिशात घातलं, ही आख्यायिका इटलीत रुजली. पेले त्या दिवशी धड तंदुरुस्तच नव्हता, हे त्रापातोनीने स्वतः पुढे प्रांजळपणे सांगितलं आहे. पण त्याची साक्षही लागत नाही. पाच महिन्यांनी त्याच सान सिरोवर त्याच त्रापातोनीचा मिलान सांतोसविरुद्ध उतरला. मिलान ४-२ ने जिंकला, त्रापातोनीने एक गोलही केला. सांतोसचे दोन्ही गोल पेलेचे. परतीचा आणि निर्णायक असे दोन्ही सामने सांतोसने जखमी पेलेशिवाय जिंकले, त्यांचं श्रेय त्याला देता येणार नाही. तरी हिशेब उरतो तो असा: युरोपच्या विजेत्यांविरुद्ध तीन सामने, सात गोल.

आता आक्षेपाच्या मुळाशी असलेलं गृहीतक. युरोप म्हणजे शिखर आणि ब्राझील म्हणजे पायथा, ही आजची रचना. ती साठीच्या दशकावर लादली जाते. १९५८, १९६२ आणि १९७० या तिन्ही जगज्जेत्या ब्राझील संघांतला प्रत्येक खेळाडू मायदेशी खेळणारा होता. म्हणजे पेलेला देशातच भेटणारे प्रतिस्पर्धी कोण? रिओच्या बोताफोगोत गारिंचा, निल्टन सांतोस आणि दीदी, पाल्मेइरासमध्ये जाल्मा सांतोस, क्रुझेइरोत तोस्ताव. १९६६ च्या तासा ब्राझील या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत याच क्रुझेइरोने सांतोसला पहिल्या सामन्यात ६-२ आणि दुसऱ्यात ३-२ असं लोळवलं. देशातले हे प्रतिस्पर्धी कच्चे असते तर पाच वर्षं तीच स्पर्धा सलग जिंकणाऱ्या पेलेच्या संघाची अशी दैना झाली नसती. इंटरकॉन्टिनेंटल कपची पहिली नऊ वर्षं पाहिली, १९६० ते १९६८, तर सहा वेळा दक्षिण अमेरिकेचा क्लब जिंकला आणि तीन वेळा युरोपचा. पायथा कोणता?

तो गेला का नाही, हा प्रश्नही इतिहास बाजूला सारून विचारला जातो. १९६२ च्या विश्वचषकानंतर स्पेनने परदेशी खेळाडूंची आयात बंद केली, ती १९७३ मध्ये क्रायफ बार्सिलोनात आला त्या हंगामात उघडली. इटलीचं दार १९६६ च्या विश्वचषकातल्या नामुष्कीनंतर मिटलं ते १९८० पर्यंत. इंग्लंडमध्ये १९७८ पर्यंत परदेशी खेळाडूंना जवळजवळ मज्जावच होता. ऐन उमेदीच्या बऱ्याच वर्षांत पेलेने ठरवलं असतं तरी जायचं कुठे? त्याआधी जे गेले त्यांनी किंमतही मोजली. एव्हारिस्तो १९५७ मध्ये बार्सिलोनाला गेला आणि १९५८ च्या ब्राझील संघात नव्हता. आल्ताफिनी मिलानला गेला आणि १९६२ मध्ये इटलीकडून खेळला. युरोपात नाव काढणं आणि पिवळा शर्ट घालणं यांतलं एक निवडावं लागत होतं. आज मेस्सीला असली निवड कधी करावी लागली नाही.

पेलेच्या क्लब-कारकिर्दीत खरी पोकळी आहे, पण आक्षेपक बोट ठेवतात तिथे ती नाही. दक्षिण अमेरिकेच्या क्लबांचा कोपा लिबर्टाडोरेस सांतोसने १९६२ मध्ये पेन्यारोलविरुद्ध जिंकला, तिसऱ्या सामन्यात पेलेचे दोन गोल. १९६३ मध्ये बोका ज्युनियर्सला त्यांच्याच बोम्बोनेरा मैदानावर हरवलं, विजयी गोल पेलेचा. १९६५ मध्ये तो स्पर्धेत सर्वाधिक, आठ गोल करणारा ठरला. तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. आणि त्यानंतर लिबर्टाडोरेसमध्ये तो एकदाही उतरला नाही.

याचं कारण पैसा आणि राजकारण. १९६६ पासून उपविजेत्यांनाही प्रवेश द्यायचं ठरलं, ब्राझीलला ते पसंत नव्हतं आणि त्यांचे क्लब त्या वर्षी बाहेर राहिले. १९६९ आणि १९७० मध्ये पुन्हा तेच. दरम्यान सांतोसला दौऱ्यांची चटक लागली होती. विला बेल्मिरो या आपल्या छोट्या मैदानाच्या तिकिटांवर असा संघ पोसता येत नव्हता; पेलेला घेऊन कुठेही एक सामना खेळला की रोख रक्कम हातात पडे. ज्या काळात त्याने खंडाचे चषक जिंकायचे, त्या काळात तो जगाच्या नकाशावर फिरत राहिला. आपल्याकडे कोलकात्याने सप्टेंबर १९७७ मध्ये ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्धच्या २-२ सामन्यात पाहिला तो पेले कॉसमॉसचा होता, निवृत्तीला आठवडा उरलेला. पण हा असा दाखवायचा पेले सांतोसने दहा वर्षं आधीच तयार केला होता.

१९६८ मध्ये सांतोसने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती, म्हणजे १९६९ च्या लिबर्टाडोरेसची पात्रता हाती होती. १९६८ ते १९७० हा चषक सलग तीन वर्षं अर्जेंटिनाच्या एस्तुदियान्तेसने नेला: त्या काळातला सर्वांत कठोर, नियमांच्या कडेवर आणि पलीकडे खेळणारा बचाव. पेले आणि एस्तुदियान्तेस ही गाठ लिबर्टाडोरेसमध्ये पडलीच नाही. तिचा जाब विचारायचा तर तो जोआव आवेलांज यांच्या हातातल्या ब्राझीलच्या क्रीडा महासंघाला आणि सांतोसच्या संचालकांना विचारावा लागेल. माद्रिद-मिलानचा तिथे काही संबंध नाही.