उंधियू : पात्र, कृती आणि जिन्नस

गुजराती पाकपरंपरेचा विषय निघाला की ढोकळा, खांडवी, हांडवो, थेपले, उंधियू अशी नामावळी सांगितली जाते आणि तिला सरसकट ‘पारंपरिक’ हे विशेषण जोडले जाते. हे विशेषण नेमके कशाला लागू पडते, जिन्नसांना, कृतीला की केवळ नावाला, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाला क्रमप्राप्त आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी दक्षिण गुजरातमधील उंधियू या एकाच पदार्थाचा आधार घेतला आहे.

गुजरातीत ‘ऊंधुं’ म्हणजे पालथे. हिवाळ्यात वालपापडीचा बहर असताना शेंगा, वांगी व कंद मातीच्या मडक्यात भरायचे, तोंड पाल्याने बंद करून मडके पालथे ठेवायचे आणि वरून व सभोवार जाळ करायचा, ही मूळ कृती. नाव कृतीवरून पडले आहे, जिन्नसांवरून नव्हे. आणि जिन्नस तर कितीतरी बदलले आहेत. वालपापडी, वांगी, कच्ची केळी व कोनफळ ही या भूमीत पुरातन. बटाटा, रताळे, मिरची आणि शेंगदाणा मात्र मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगीज सत्ता दीव येथे १५३५ मध्ये व दमण येथे १५५९ मध्ये स्थिरावली. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडूनच मिळाला. बटाट्याची सर्वदूर लागवड तर मुख्यतः १९ व्या शतकातील.

या बदलाची एक साक्ष भाषेतच आहे. ज्याला मराठीत कोनफळ म्हणतात, त्या जांभळ्या कंदाला गुजरातीत ‘रताळू’ म्हणतात. मुळात संस्कृत ‘रक्तालु’. मराठीतील रताळे गुजरातीत ‘शक्करिया’ होते. म्हणजे गुजरातीने जुने नाव जुन्या कंदाकडे ठेवून नवागताला वेगळे नाव दिले, तर मराठीत ते नाव नवागताकडे गेले. (गुजराती पाककृती वाचून कोनफळाऐवजी रताळी आणणारे मराठी वाचक थोडे नसावेत!)

जैन कुटुंबांत कंदमुळे वर्ज्य असल्यामुळे त्यांच्या उंधियूत बटाटा नसतो. तेवढ्यावरून तो अधिक प्राचीन ठरत नाही, कारण त्याच नियमाने कोनफळही वगळले जाते. धार्मिक निषेध जुने-नवे पाहत नाही.

कृतीचे काय झाले? सुरतेच्या घराघरांत आज उंधियू रुंद पातेल्यात, सढळ तेलावर, हिरवा लसूण, कोथिंबीर व मेथीचे मुठिये घालून शिजतो. पात्र पालथे होत नाही. अहमदाबादेत उत्तरायणाला जिलेबीसोबत तो खाल्ला जातो, तेव्हा शेत आणि जाळ दोन्ही दूर राहिलेले असतात. जिन्नस बदलले, कृतीही सुटली. टिकले ते नाव आणि ऋतू.

जुनी कृती मात्र लुप्त झालेली नाही. वलसाड जिल्ह्यात हिवाळ्यात महामार्गालगत ‘उंबाडियू’ विकले जाते. ते मडक्यातच, पाल्याच्या आवरणात, तेलाशिवाय भाजतात. थाळीतील उंधियूच्या तुलनेत या पदार्थाला पाकपुस्तकांत फारसे स्थान नाही. माझ्या मते हे वगळणे निव्वळ योगायोगाचे नाही. शेतात शिजणारा पदार्थ शहरी स्वयंपाकघराने आपलासा केला, त्याला ‘गुजराती’ ही प्रातिनिधिक ओळख दिली आणि तो शेतात करणारे त्या ओळखीबाहेर राहिले.

किनाऱ्याने दक्षिणेस रायगड जिल्ह्यात आले की हीच कृती ‘पोपटी’ या नावाने भेटते. तेथेही हिवाळा, वालाच्या शेंगा, पालथे मडके आणि वर जाळ. पाला मात्र भांबुर्ड्याचा. यातील एक दुसरीपासून निघाली असे म्हणण्यास आधार नाही. तथापि १ मे १९६० रोजी आखलेल्या राज्यसीमेच्या दोन्ही बाजूंस वालाचे पीक आणि मडके यांची जोडी एकच आहे, हे दुर्लक्षिता येत नाही. आणि पोपटीत शेंगांच्या जोडीला अंडी व कोंबडीही असते; त्यामुळे उंधियूचा शाकाहार हा मडक्याचा नव्हे, तर ते भरणाऱ्यांचा इतिहास ठरतो.