डब्यातला बोका

उरणमध्ये वाढलेल्या माणसाला कंटेनर म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि पाचएक वर्षांनी मी शाळेत जाऊ लागले. रस्त्याच्या कडेला ट्रेलरची रांग, तिच्यामागे अडकलेली एसटी आणि बाईंना सांगायला बारमाही तयार असलेलं कारण: "बाई, कंटेनर होते." बाबा एका यार्डाच्या गेटवर नोंदी ठेवायचे. डब्यात साड्या आहेत की सुटे भाग, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसे. सीलचा नंबर कागदाशी जुळला की डबा पुढे.

त्यामुळे २०१४ साली मी पुण्याहून फोनवर सांगितलं, की आता आमच्या ऑफिसातही सगळं कंटेनरमध्ये घालणार आहेत, तेव्हा बाबांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "वीस फुटी की चाळीस फुटी?"

आमच्याकडे डब्यात जायचा होता टॉमकॅट. जावामध्ये लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा हा सर्व्हर जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना लिहिला, आणि १९९९ साली तो अपाचेकडे आला. नाव बोक्याचं का, तर बोका आपलं आपण बघून घेतो, त्याला कुणाची मिनतवारी करावी लागत नाही, म्हणून. ज्यांनी प्रत्यक्षात टॉमकॅट सांभाळले आहेत त्यांनी यावर हसून घ्यावं. २०११ साली माझ्या ताब्यात एकाच मशीनवर असे तीन बोके होते. पहिला ८०८० पोर्टवर, दुसरा ८०८१, तिसरा ८०८२. बंद करण्याच्या आज्ञेसाठी प्रत्येकाला आणखी एक पोर्ट लागतं, मुळातलं ८००५. ते बदलायला विसरलं की दुसरा बोका उठायलाच तयार नसे. एकाला जावा ६ हवा, दुसऱ्याला ७. कुठल्या मशीनवर कुठला जावा, हे मी दोनशे पानी वहीत लिहून ठेवत असे. ती वही हाच आमचा कारभार. मी रजेवर गेले की वहीही ड्रॉवरमध्ये कुलूपबंद, आणि मग ऑफिसातून फोनावर फोन.

प्रत्येक प्रोग्रामला वेगळी खोली करून देण्याची कल्पना मात्र माझ्यापेक्षा जुनी. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' आलं. एखाद्या प्रोग्रामला एक फोल्डर दाखवून सांगायचं, हेच तुझं जग, याच्या वर काही नाही. पण ही भिंत नुसती फायलींपुरती. शेजारच्या प्रोसेस दिसायच्या, नेटवर्क सगळ्यांचं एकच. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडीसाठी 'जेल' लिहिलं, ते २००० साली चौथ्या आवृत्तीत आलं; एकाच मशीनवर अनेक गिऱ्हाइकं ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्याची ती गरज होती. कैद्याला रूटचे, म्हणजे सगळे, अधिकार दिले तरी ते तुरुंगाच्या आतच चालायचे. सोलारिसने २००५ साली 'झोन' आणले.

लिनक्समध्ये भिंती आधी आल्या, शिधावाटप नंतर. कुणाला किती मेमरी, किती सीपीयू, हे मोजून देण्याचं काम गूगलमध्ये पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ साली हाती घेतलं. पहिलं नाव होतं 'प्रोसेस कंटेनर्स'. पण कंटेनर या शब्दाला तोवर इतके अर्थ चिकटले होते, की गोंधळ नको म्हणून २००७ मध्ये नाव बदललं. २००८ च्या जानेवारीत ते 'सीग्रुप्स' म्हणून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दाखल झालं. पाच वर्षांत तोच टाकलेला शब्द सगळ्या जगाच्या तोंडी बसला, ही गंमत मला फार आवडते.

बसवला तो डॉकरने. डॉटक्लाउड नावाची कंपनी लोकांची वेब ॲप्लिकेशन्स आपल्या मशीनवर चालवून द्यायची. तिच्या सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा इथल्या पायकॉन परिषदेत पाच मिनिटांत आपलं आतलं हत्यार, डॉकर, दाखवलं. भिंती लिनक्सच्याच होत्या, सुरुवातीला कामही एलएक्ससी या जुन्या अवजारावरच चालायचं. नवी होती ती पॅकिंगची रीत. कुठला जावा, कुठला टॉमकॅट, कुठली वॉर फाइल (म्हणजे बांधलेलं ॲप्लिकेशन), हे एका छोट्या मजकुरात लिहायचं आणि त्याचा डबा बांधायचा. माझी दोनशे पानी वही बारा ओळींत आली. आणि डॉकर म्हणजे गोदी कामगार, हे बाबांना सांगितल्यावर त्यांना मुलीची नोकरी पहिल्यांदा नीट कळली असावी.

बोका डब्यात गेला खरा, पण आपण डब्यात आहोत हे त्याला माहीतच नव्हतं. याची किंमत आम्ही रात्री जागून भरली.

मशीन ६४ जीबीचं, डब्याला मुभा २ जीबीची. तेव्हा जावा सुरू होताना मशीनची एकूण मेमरी विचारायचा आणि तिचा चौथा हिस्सा आपल्या हीपची, म्हणजे कामाच्या मेमरीची, कमाल मर्यादा धरायचा. सीग्रुप्स मेमरीवर मर्यादा घालतात, पण 'एकूण किती?' या प्रश्नाचं उत्तर कर्नल डब्याच्या आतही पूर्ण मशीनचंच देतो. आत शिरून 'फ्री' ही आज्ञा दिली तर दिसायचे ६४ जीबी. म्हणजे जावाच्या हिशेबाने १६ जीबी आपले. मग कचरा साफ करायची घाई कशाला? तो ऐसपैस पसरत २ जीबीच्या रेषेला टेकला, की कर्नल एका झटक्यात त्याला मारून टाकायचा. एका खोलीच्या भाडेकरूने सबंध वाडा आपला समजून सामान मागवावं, तसला प्रकार.

त्यातही वाईट हे, की लॉगमध्ये एक अक्षर नसायचं. जावाची नेहमीची मेमरी संपल्याची तक्रार नाही, काही नाही, कारण तक्रार करायला तो जिवंतच नसे. उरायचा फक्त एक आकडा: १३७. म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही तो सिग्नल. २०१७ च्या जानेवारीत एका गिऱ्हाइकाचं बिलिंग महिनाअखेरीला रात्रभर असंच पडत, उठत, पडत राहिलं. चूक माझीच होती, मर्यादा हाताने लिहायची माझ्याकडून राहून गेली होती. पहाटे बाबांचा फोन आला, त्यांची पाळी संपली होती. मी वैतागून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे वजन न करताच चढवतात? आमच्याकडे गेल्या जुलैपासून वजनाच्या दाखल्याशिवाय डबा बोटीवर चढत नाही." खरंच होतं. १ जुलै २०१६ पासून जगभर तो नियम लागू झाला होता.

जावाला शहाणपण यायला एप्रिल २०१७ उजाडला. जावा ८ च्या १३१ क्रमांकाच्या अपडेटमध्ये सीग्रुपची मर्यादा वाचण्याची सोय आली, तीही 'प्रायोगिक' अशी पाटी लावून, मागितली तरच. मार्च २०१८ मध्ये जावा १० आला तो ही नजर घेऊनच, आणि ऑक्टोबरात ८ च्या १९१ व्या अपडेटमध्ये ती जुन्यांनाही मिळाली. पण चौथ्या हिश्शाची सवय कायम. २ जीबीच्या डब्यात आता हीप ५१२ एमबी! आधी वाडा आपला समजणारा आता खोलीच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसला. मग टक्केवारी आपण सांगायची. मी ७५ लिहिते; थ्रेड्सना आणि बाकीच्या पसाऱ्याला जागा लागतेच.

बंद करण्याचीही एक गोष्ट होती. डॉकर थांबायला सांगतो ते डब्यातल्या पहिल्या प्रोसेसला. आमच्याकडे पहिली असायची शेल, टॉमकॅट तिच्या पोटात. शेल निरोप पुढे द्यायची नाही, डॉकर दहा सेकंद वाट बघून सगळ्यांनाच मारायचा, अर्धवट विनंत्यांसकट. उपाय एका शब्दाचा: टॉमकॅट सुरू करणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला 'एक्झेक'. तो शब्द सापडायला मला आठ महिने लागले.

त्या बिलिंगच्या स्क्रिप्टमध्ये हीपची मर्यादा १५३६ एमबी अशी हाताने लिहिलेली ओळ आजही आहे. नवीन मुलं विचारतात, आता जावाला सगळं कळतं, मग ही कशाला? ओळीच्या वर टिपणी आहे: 'काढू नये. जानेवारी २०१७.' कुणी काढलेली नाही.