तेल आयात होतं, पेंड होत नाही : तिळाच्या पेंडीची दीडशे वर्षं

केम म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुंकू आठवतं. आज मात्र आपण कुंकवावर नाही, पेंडीवर बोलणार आहोत. तिळाच्या पेंडीवर. विदर्भातले श्रोते असतील तर त्यांनी 'ढेप' म्हणावं, वस्तू तीच.

तुम्ही म्हणाल, पेंडीला कसला आलाय इतिहास? तेल काढलं, उरला तो चोथा, टाकला गुरांपुढे. पण एक साधा हिशोब पाहू. तिळात वजनाने जवळपास निम्मं तेल असतं. तेल बनतं कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं, म्हणजे हवा आणि पाणी यांतून. जमिनीतून घेतलेलं नत्र, स्फुरद, पालाश हे सगळं मागे पेंडीत राहतं. शंभर किलो तिळाच्या पेंडीत साधारण सहा किलो नत्र असतं. म्हणजे गावाबाहेर तेल विकलं तर जमिनीचं फारसं काही जात नाही. अख्खा तीळ विकला तर जमिनीचा कस पोत्यात भरून जातो. आजच्या व्याख्यानाचं सूत्र एवढंच आहे : बी जिथे गाळलं जातं, तिथे पेंड राहते.

जुन्या व्यवस्थेत बी गावातच गाळलं जाई. करमाळा भागात बाजरीत तीळ, ज्वारीत करडई अशी मिश्र पिकं असत. बैलाच्या घाण्यावर तीळ गाळला की तेल घरी आणि पेंड गोठ्यात. घाण्याच्या पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल शिल्लक राहतं, म्हणून ती गुरांना मानवे. गुरांचं शेण परत शेतात. चक्र पुरं होई.

मग रेल्वे आली. 1859 मध्ये दिक्सळपासून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, लोहमार्ग सुरू झाला. केम याच मार्गावर. पुढच्याच वर्षी गाडी सोलापूरला पोचली. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या जवळ आली. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातल्या तेलगिरण्या हिंदुस्थानातून तीळ आणि भुईमूग घेऊ लागल्या. तिथे तेलाचा साबण झाला, खाद्यतेल झालं, आणि पेंड? ती तिकडच्या गुरांनी खाल्ली, तिकडच्या शेतांत गेली.

हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर 1889 मध्ये इथे पाहणीला आले. 1893 च्या त्यांच्या अहवालात तेलबियांची निर्यात म्हणजे जमिनीच्या सुपीकतेची निर्यात, हा मुद्दा आहे. पुढे 1926 ते 1928 या काळातल्या रॉयल कृषी आयोगापुढेही प्रश्न आला : तेलबिया आणि पेंडीवर निर्यातकर लावावा का? आयोगाने नको म्हटलं. कारण असं, की कर लावला तर शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव घसरेल.

इथे थोडं थांबू. हा युक्तिवाद आपल्याला सहज मोडीत काढता येत नाही. सारा भरायचा असतो, सावकार दारात असतो, तेव्हा शेतकऱ्याला आजचा भाव लागतो. जमिनीचा कस घटायला वीस वर्षं लागतात. हप्ता याच महिन्यात येतो. कांदा-सोयाबीनच्या निर्यातीवर आज जे वाद होतात, त्यांत हाच पेच असतो.

1934 मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ सुरू झाला. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा केल्या. त्यामागे फक्त शुद्ध तेलाचा आग्रह नव्हता. गाळप गावात राहावं, पेंड गावात राहावी, हा विचार होता. पण तोवर गिरण्या वाढल्या होत्या, वनस्पती तुपाचे डबे आले होते. स्वातंत्र्यानंतर सॉल्व्हंट प्रकल्प आले. ते पेंडीतलं उरलंसुरलं तेलही काढून घेतात, एखादा टक्काच ठेवतात. ही तेलविरहित पेंड पुढे परकीय चलन मिळवण्यासाठी परदेशी जाऊ लागली. व्होल्करांच्या काळात बी जात होतं, आता तेल ठेवून पेंड जाऊ लागली.

आता आकडेवारीबद्दल. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यांत 1961 पासून देशोदेशींचा 'देशांतर्गत पुरवठा' मिळतो. उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, आणि साठ्यातला फरक. पण पेंडीचं उत्पादन सहसा कोणी तराजूवर मोजत नाही. किती बी गाळलं गेलं असेल यावरून ते काढतात. गावातल्या घाण्यावरची पाच किलो पेंड त्यात अंदाजानेच येते. म्हणून आलेख चढला-उतरला तर आधी विचारायचं : पीक बदललं, गाळप बदललं की मोजणी?

आपल्या भागात पीक तर बदललंच. 1972 चा दुष्काळ झाला, 1980 मध्ये उजनी धरण पुरं झालं, भीमाकाठी ऊस आला, मग केळी. 1986 च्या तेलबिया अभियानाचा मोठा फायदा सोयाबीन, मोहरी, सूर्यफुलाला झाला. तीळ मागेच राहिला. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. आणि बघा, तेलाच्या टँकरबरोबर पेंड येत नाही! शिवाय तीळ आता मुख्यतः संक्रांतीला, चटणीला आणि निर्यातीला अख्खाच जातो. जो तीळ गाळलाच नाही, त्याची पेंड देशात तयारच होत नाही. म्हणून आज गोठ्यात सरकी पेंड दिसते, गोळी पेंड दिसते, मक्याचा भरडा दिसतो. तिळाची पेंड शोधावी लागते.

लाकडी घाणे पुन्हा दिसू लागलेत, विजेवरचे का होईना. तिथे तेल घेताना आपण भाव विचारतो, शुद्धता विचारतो. पेंड कुठे जाते, हेही विचारा.

आणि एक काम सांगून थांबतो. घरात ऐंशीच्या पुढची माणसं असतील तर त्यांच्याजवळ बसा. गावात घाणा कुठे होता, गाळणावळ पैशात होती की पेंडीत, शेवटची तिळाची पेंड कधी पाहिली, हे विचारून तारखेसह लिहून ठेवा. तक्त्यांत हे नाही. ते लिहिलं, तर 1961 च्या आधीचा केमचा आलेख आपल्याला थोडाफार तरी काढता येईल.