अकरा महिन्यांची गोष्ट

मंडळी, बोईसर-पालघरला शेअरिंगमध्ये फ्लॅट बघायला गेलात की एजंट दोन गोष्टी सांगतो. "पाणी चोवीस तास" आणि "ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं". पहिली किती खरी, ते चार दिवसांत कळतं. दुसरी खरी असते, पण अकराच का, हे त्यालाही माहीत नसतं. जुन्या कोडमधल्या ओळीसारखं झालंय. कुणी लिहिली ठाऊक नाही, पण काढायची हिंमत होत नाही.

उगम साधा आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून अकरा.

पण खरी गंमत मालकांच्या धास्तीत आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. भाडेकरूला हलवणं महाकठीण झालं. मग मालकांनी पळवाट काढली: भाडेकरू ठेवायचाच नाही, नुसती राहायची परवानगी द्यायची. हेच ते 'लीव्ह अँड लायसन्स'. सरकारने १९७३ साली हीही वाट बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ ला चालू लायसन्सवर राहणारे एका फटक्यात भाडेकरू झाले! मालक असे हबकले की कित्येकांना घर रिकामं ठेवणं परवडलं, पण देणं नको झालं. पुढे १९९७ साली सुप्रीम कोर्टाने गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली, आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

आता आपल्या कामाचं. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदवायची जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदवलेला करार नसेल, तर कुठल्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागवणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

मात्र कलम २४ उलटं चावतं. लायसन्सच्या लेखी करारात जे लिहिलंय, तो निर्णायक पुरावा. एजंटचं चोवीस तास पाणी, पार्किंग, "दोघंच राहणार" हे कागदावर नसेल तर बोलण्याला किंमत शून्य. (कायदा त्याच्या परिशिष्टांतल्या गावांपुरता आहे; आपलं गाव त्यात आहे का, ते आधी बघा.)

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, शेजारी एमआयडीसी वाढली, २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली. एका फ्लॅटमध्ये तिघं-चौघं राहणं इथे नेहमीचंच. करार एकाच्या नावावर, बाकीचे त्याच्या भरवशावर! डिपॉझिट तिघांचं, पण मालकाशी कागद एकाचाच. तिघांचीही नावं घालून घ्यायला जास्त काही लागत नाही, थोडा वाईटपणा घ्यावा लागतो एवढंच.

आणि फ्लॅट कंपनीने घेऊन दिला असेल तर? एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपनीला दिलेल्या जागेला हा कायदा लागूच नाही. तिथे कंपनीने मालकाशी काय करार केलाय, तो एचआरकडून मागून वाचायचा.